वेगवान विद्युत् दूरनियंत्रित नौका-प्रतिकृती : बांधणी आणि सूक्ष्म जुळणी

प्रस्तावना :

मीरा-भाईंदर महानगरपालिका क्षेत्रातील काशीगाव हे मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचे गाव होय. त्याच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, उत्तरेस वसईची खाडी आहे आणि त्याच महानगरपालिकेच्या पश्चिम टोकाला उत्तनचे कोळीवाडे आहेत. गावतळ्याचे संथ गोडे पाणी आणि भरती-ओहोटीचे खारे पाणी अशी दोन्ही पाणी हाकेच्या अंतरावर असलेल्या या परिसरात नौका ही नवलाईची वस्तू नाही. तथापि नौका हे पदार्थविज्ञान, विद्युत्-अभियांत्रिकी आणि हस्तकौशल्य यांचे एकत्रित प्रयोगसाधन होऊ शकते, हा विचार महाविद्यालयीन अध्यापनात क्वचितच केला जातो. राष्ट्रीय छात्रसेनेचा नौदल विभाग हा त्यास अपवाद आहे. या विभागाच्या प्रशिक्षणात नौका-प्रतिकृती बांधणीस स्थान असून अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात तिची स्पर्धाही होते. तेथे भर मुख्यतः प्रतिकृतीच्या अचूकतेवर असतो. प्रस्तुत लेखाचा विषय तिच्या शेजारचा, पण वेगळा आहे. मूळ जहाजाशी साधर्म्य न साधता केवळ वेगासाठी बांधलेली, विजेवर चालणारी लहान नौका कशी सिद्ध होते आणि ती बिघडते कुठे, याचे विवेचन येथे केले आहे.

या छंदाचा उगम जुना आहे. निकोला टेस्ला यांनी 1898 मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी नियंत्रित होणारी बॅटरीवरील नौका लोकांसमोर चालवून दाखविली आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबर रोजी त्यांना तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. म्हणजे दूरनियंत्रित वाहनांचा इतिहास विमानापासून नव्हे, तर विजेच्या नौकेपासूनच सुरू होतो. 1959 मध्ये स्थापन झालेली 'नाविगा' ही नौका-प्रतिकृतीकारांची आंतरराष्ट्रीय संघटना असून तिच्या स्पर्धांत विजेवरील वेगवान नौकांचे स्वतंत्र वर्ग आहेत. ब्रशविरहित मोटार आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी यांच्या प्रसारानंतर या वर्गाचे स्वरूप पालटले.

तळाचा आकार :

मासेमारीची होडी पाणी बाजूला सारत चालते. अशा नौकेला स्वतः निर्माण केलेल्या लाटेची मर्यादा असते. विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रतिकृतींवर प्रयोग करून ही बाब गणिती स्वरूपात मांडली. वेगाला लांबी व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागले असता फ्रूड-अंक मिळतो. तो सुमारे 0.4 झाला की लाटेचा विरोध झपाट्याने वाढतो. 70 सेंटिमीटर लांबीच्या नौकेसाठी ही मर्यादा सेकंदाला सुमारे 1.05 मीटर, म्हणजे ताशी चार किलोमीटरांपेक्षाही कमी येते. तिच्या पुढे जायचे तर नौकेने पाणी कापणे सोडून पाण्यावर घसरत जावे लागते. ताशी 70 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या नौकेचा फ्रूड-अंक सुमारे 7.4 भरतो. 70 मीटर लांबीच्या जहाजाला हाच अंक गाठण्यासाठी ताशी 700 किलोमीटर वेग लागेल! प्रतिकृती ही मोठ्या नौकेची केवळ लहान आवृत्ती असते, हा समज किती फसवा आहे हे यावरून ध्यानात यावे.

घसरत्या तळाचे अनेक प्रकार आहेत. खोल 'व्ही' आकाराचा एकतळी प्रकार, दोन तळांचा कॅटमरान आणि मोजक्या बिंदूंवरच पाण्याला टेकणारा हायड्रोप्लेन हे त्यांतील प्रमुख होत. अखेरचा सर्वांत वेगवान असला तरी तो वाऱ्याच्या झोताने उलटण्याची भीती अधिक असते. गावतळ्यावर, जेथे पृष्ठभागावर कायम लहरी असतात आणि काठ जवळ असतो, तेथे नवख्याने खोल 'व्ही' तळच निवडावा. तळाचा मागील भाग अगदी सरळ असणे आवश्यक आहे. फायबरग्लासच्या तळाला तेथे सरळपट्टी लावून पाहिल्यास पोकळी किंवा फुगवटा ताबडतोब उमगतो. तो भरून घासून काढल्याविना पुढील सर्व जुळणी व्यर्थ ठरते. मागची कडही धारदार हवी. ती गोलसर राहिली तर पाणी तिला चिकटून वर वळते आणि नौकेचा मागचा भाग खाली ओढला जातो.

शक्ती, पंखा आणि एक साधे गणित :

मोटारीवर छापलेले केव्ही मूल्य म्हणजे भाररहित स्थितीत दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. 2000 केव्हीची मोटार चार घटांच्या, म्हणजे 14.8 व्होल्टच्या बॅटरीवर मिनिटाला 29,600 फेरे घेईल. पंख्याचा व्यास 42 मिलिमीटर आणि त्याच्या पातीची चाल व्यासाच्या 1.4 पट असेल, तर एका फेऱ्यात तो तत्त्वतः 58.8 मिलिमीटर पुढे सरकतो. यावरून वेग ताशी 104 किलोमीटर निघतो. प्रत्यक्षात भाराखाली फेरे सुमारे पाचव्या भागाने घटतात आणि पंखा पाण्यात घसरतो. या दोन्हींची वजावट केल्यास ताशी 70 किलोमीटरांच्या आसपासचा आकडा विश्वासार्ह मानता येतो. खोक्यावरील जाहिरातीतला वेग बहुधा पहिल्या आकड्याचा असतो.

या गणितापेक्षा महत्त्वाचा आहे तो शक्तीचा नियम. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या तिसऱ्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. 40 मिलिमीटरऐवजी 42 मिलिमीटरचा पंखा लावला तर डोळ्याला फरक जाणवत नाही, पण शक्तीची मागणी सुमारे 28 टक्क्यांनी वाढते. तीन घटांऐवजी चार घट जोडले तर ती 2.37 पट होते. जळलेल्या वेगनियंत्रकांपैकी पुष्कळांचे कारण या दोन ओळींत सामावलेले आहे. त्यामुळे लहान पंख्याने आरंभ करून, प्रत्येक फेरीनंतर मोटार, वेगनियंत्रक व बॅटरी यांचे तापमान पाहून, मगच व्यास वाढवावा. वेगनियंत्रक आणि मोटार यांना सुकाणूतील छिद्रातून आत येणाऱ्या पाण्याने थंडावा मिळतो. पावसाळ्यानंतर तळ्यावर जलपर्णी पसरते. तिचा एक तंतू त्या छिद्रात अडकला की थंडावा बंद पडतो. बाहेर पडणारी पाण्याची चिळकांडी दिसते आहे ना, याकडे नौका चालविणाऱ्याने सतत लक्ष ठेवणे इष्ट. बॅटरी आणि वेगनियंत्रक यांमधील तारा लांबवू नयेत; लांबवायच्याच असतील तर मोटारीकडील लांबवाव्यात, कारण बॅटरीकडील लांब तारांमुळे उद्भवणारे व्होल्टतरंग वेगनियंत्रकातील धारित्रांना निकामी करतात.

मोटारीपासून पंख्यापर्यंत शक्ती नेणारा दांडा हा लवचीक पोलादी तारेचा असतो. तो पितळी नळीतून जातो आणि भाराखाली पिळला जाऊन किंचित आखूड होतो. म्हणून पंख्यामागील कडी आणि आधार यांमध्ये सुमारे तीन मिलिमीटर फट राखावी. ती न राखल्यास दांडा आधाराला घासत राहतो आणि विद्युत्-प्रवाह विनाकारण वाढतो. पंखा नव्याने आणल्यावर त्याची धार काढून तोल साधणे आवश्यक असते. येथे एक गंभीर सूचना करणे अगत्याचे आहे. या नौकांसाठी वापरले जाणारे काही पंखे बेरिलियमयुक्त तांब्याचे असतात. त्यांचा कीस श्वासावाटे आत जाणे फुप्फुसांना अत्यंत घातक आहे. असा पंखा पाण्याखाली धरूनच घासावा व तोंडावर योग्य मुखपट्टी असावी. विद्यार्थ्यांच्या हाती तर तयार, तोल साधलेला पंखाच द्यावा.

सूक्ष्म जुळणी :

बांधणी ही निम्मीच गोष्ट. उरलेली पाण्यावर घडते. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद, हा येथील मूलमंत्र आहे. तो प्रयोगशाळेत शिकविला जातो, परंतु त्याची गरज मात्र विद्यार्थ्याला तळ्याकाठी पटते.

गुरुत्वमध्य प्रथम मागील कडेपासून लांबीच्या सुमारे 30 टक्के अंतरावर ठेवावा. 70 सेंटिमीटरच्या नौकेत तो 21 सेंटिमीटरवर येईल. दोन किलो वजनाच्या नौकेत अर्धा किलोची बॅटरी दोन सेंटिमीटर सरकविली तर गुरुत्वमध्य अर्धा सेंटिमीटर हलतो, आणि एवढ्यानेही वागणूक बदललेली स्पष्ट दिसते. नाळ वरखाली उड्या मारू लागली तर वजन बहुधा फार मागे आहे. नाळ पाण्याला चिकटून राहिली, तुषार पुढूनच उडू लागले आणि वेग वाढेना, तर ते फार पुढे आहे. पंख्याच्या दांड्याचा आधार तळाला समांतर ठेवून सुरुवात करावी. त्याचे मागचे टोक किंचित उचलल्यास रेटा नौकेचा मागचा भाग खाली दाबतो व नाळ वर येते. टोक खाली केल्यास उलट परिणाम होतो. नौका एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलू लागली तर गुन्हेगार शोधणे अवघड जाते. पंख्याचा उलटा पीळ, तळाची असमान कड, सुकाणूचा सैलपणा यांपैकी काहीही असू शकते, आणि अनेकदा तिन्ही एकदमच असतात. अशा वेळी पंखा बदलण्याचा मोह टाळून प्रथम सुकाणूची खिळखीळ काढणे श्रेयस्कर.

खाडीतील प्रयोगांविषयी थोडे वेगळे सांगणे भाग आहे. खारे पाणी अधिक घन असल्याने नौका किंचित वर तरंगते, हा लाभ खरा. पण वसईच्या खाडीतील ओहोटीचा प्रवाह, चिखल आणि तिवरांची मुळे यांत बंद पडलेली नौका परत आणणे दुरापास्त असते. आणि तिच्यामागे एखादा विद्यार्थी चिखलात उतरणे तर कदापि चालू देता कामा नये. शिवाय मीठ बेअरिंग आणि जोडण्यांना खाते. गावतळ्यावरही पक्षी, गळ टाकून बसलेले लोक आणि पोहणारी मुले असतात. मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणारा धारदार पंखा आणि ताशी 70 किलोमीटर वेगाचे दोन किलो वजन यांना खेळणे म्हणणे हा शब्दांचा गैरवापर होय. तळ्याची अधिकृत परवानगी, पहाटेची वेळ आणि मोकळा काठ या अटी त्यामुळे अपरिहार्य ठरतात.

लिथियम-पॉलिमर बॅटरीबाबत हयगय करू नये. पूर्ण प्रभारित घट 4.2 व्होल्टचा असतो. साठवणुकीत तो 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा. 5 अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी सरासरी 60 अँपिअर प्रवाहावर पाच मिनिटांत रिकामी होईल. पाचवा भाग शिल्लक ठेवायचा, म्हणून चार मिनिटांनी नौका काठाला आणावी. फुगलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा प्रभारित करू नये आणि कोणतीही बॅटरी देखरेखीविना प्रभारणास ठेवू नये.

आणि तरंगण्याची तजवीज. विद्युत्-नौका बुडते ती बहुधा उलटल्यामुळे नव्हे, तर उलटल्यानंतर झाकणाच्या फटीतून पाणी शिरल्यामुळे. एक लिटर बंद फोम पाण्याखाली जवळजवळ एक किलोचा उद्धारक बल देतो. त्यातील काही वजन यंत्रसामग्री विस्थापित करत असलेल्या पाण्यानेच पेलले जात असल्याने दोन किलोच्या नौकेला सुमारे दीड ते दोन लिटर फोम पुरतो. तो प्रामुख्याने नाळेत भरावा. तळ्यावर नेण्यापूर्वी नौकेतील विद्युत्-भाग काढून त्यांच्याऐवजी तेवढ्याच वजनाचे व आकारमानाचे तुकडे ठेवावेत, पाण्याने भरलेल्या मोठ्या टाकीत ती पूर्ण बुडवावी आणि सोडून द्यावी. नाळ पाण्याबाहेर येऊन तशीच राहिली, तर ती नौका तळ्यावर नेण्यास योग्य झाली.