भयानक रसाचा बदलता आधार : ‘लपाछपी’

भय हा भयानक रसाचा स्थायीभाव आहे, हे आपण मागील घटकात पाहिले. रहस्य उलगडले की भीतीही सरायला हवी. मग काही चित्रपट शेवट ठाऊक असतानाही अस्वस्थ का करतात? विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (२०१७) या चित्रपटाच्या आधारे याचा विचार करू.

आठ महिन्यांची गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिचा पती पैशांच्या तगाद्यामुळे शहर सोडतात आणि आपल्या चालकाच्या उसाने वेढलेल्या घरात आश्रय घेतात. चालकाची पत्नी तुळसाबाई (उषा नाईक) नेहाचे सारे पाहते. पुढे नेहाला लपाछपी खेळणारी मुले दिसू लागतात.

जालना जिल्ह्यातील अंबड-घनसावंगीकडच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. डोक्यावर गेलेल्या उसात दोन सऱ्यांपलीकडचे माणूस दिसत नाही. पाचट वाजले तरी कोणी चालत आल्यासारखे वाटते. पडका वाडा, स्मशान, अमावस्या ही भयकथेची ठरलेली सामग्री. येथे रोजचे पीकच उद्दीपन विभाव झाले आहे. मोठ्या आवाजाने दचकवण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरलेला नाही, हेही खरे. पण ते दचकणे दुसऱ्या वेळी उरत नाही.

उरते ते निराळेच. (चित्रपट पाहिला नसेल, तर तो पाहून पुढे वाचावे.) प्रारंभी भीतीचा आलंबन विभाव म्हणजे ती अदृश्य शक्ती, आणि तुळसाबाई हा आधार. उत्तरार्धात ही जागा बदलते. जिला आपण भीत होतो ती अन्यायाची बळी ठरते आणि खरे भय वाढून दिलेल्या ताटाच्या पलीकडे बसलेले असते. म्हणूनच दुसऱ्यांदा पाहताना तुळसाबाईची मायाच अंगावर काटा आणते. रोमन पोलान्स्कीच्या ‘रोझमेरीज बेबी’तही (१९६८) गरोदर स्त्रीभोवती शेजाऱ्यांच्या आपुलकीचा असाच वेढा आहे. मात्र तेथे अखेर सैतान आहे. ‘लपाछपी’त भूत असले, तरी त्याच्या मुळाशी ‘मुलगाच हवा’ ही अगदी घरगुती इच्छा आहे.

प्रसूतिपूर्व लिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे राज्यात ८९४ आणि जालन्याशेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७ मुली नोंदल्या गेल्या. साधारणीकरणामुळे रंगभूमीवरचे भय आस्वाद्य होते, असे रसशास्त्र मानते. येथे ती प्रक्रिया पूर्ण होत नाही. तुळसाबाईसारखे बोलणारे कोणीतरी प्रेक्षकाच्या नात्यात, कदाचित घरातच असते; आणि ते चित्रपट संपल्यावरही तेथेच असते.

स्वाध्याय : तुळसाबाईच्या पूर्वार्धातील कोणतेही तीन संवाद निवडा आणि शेवट ठाऊक झाल्यावर त्यांचा अर्थ कसा पालटतो, ते लिहा.