प्रमोशन हवं, पण शिडी कुठाय?

आमच्या शिरूर अनंतपाळला खेळ म्हणजे क्रिकेट नाहीतर कबड्डी. फुटबॉलचं याड लागलं ते नोकरीसाठी पुण्यात आल्यावर, बालेवाडीत! २००७ मध्ये सुरू झालेली पुणे एफसी २००९ ला सेकंड डिव्हिजनमधून आय-लीगमध्ये चढली. पहिल्याच सीझनला तिसरी, २०१२-१३ ला उपविजेती! म्हटलं, आता आपण टॉपला.

पण २०१४ ला आयएसएल आली. तिथली एन्ट्री पैसे भरून, पॉइंट्स मिळवून नाही. पुणे एफसीचा सीनियर संघ २०१५ मध्ये बंद झाला. २०१७ ला आय-लीग जिंकूनही ऐजॉल खालीच राहिली. जिंकून थेट वर जायचा मान पहिल्यांदा मिळाला २०२३ मध्ये, पंजाबच्या संघाला. आठ वर्षं उशिरा! अप्रेझलच नसलेल्या ऑफिसात तुम्ही किती दिवस टिकाल, सांगा राव?