बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर पुन्हा वाढलेलं वजन कसं मोजतात?

बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड-दोन वर्षांत वजन सर्वांत खाली येतं. पुढे बहुतेकांचं थोडंफार वजन परत वाढतं. ही वाढ काळजी करण्याइतकी आहे का, याचं उत्तर मात्र मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलतं.

समजा, १६० सेंटीमीटर उंचीच्या महिलेचं वजन १३० किलोवरून ८० वर आलं आणि पुढे ९२ झालं. ‘१० किलो किंवा जास्त वाढ’ या निकषाने तिचं वजन परत वाढलं. ‘बीएमआयमध्ये किमान ५ अंकांची वाढ’ या निकषाने नाही, कारण तिचा बीएमआय ४.७ नेच वाढला. तिसरी पद्धत म्हणजे घटलेल्या वजनापैकी किती परत आलं ते पाहणं: ५० किलोंपैकी १२, म्हणजे २४ टक्के.

अमेरिकेत गॅस्ट्रिक बायपास झालेल्या सुमारे १,४०० रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी वजनानंतर पाच वर्षांनी, बीएमआयच्या निकषाने सुमारे ४४ टक्के, तर १० किलोच्या निकषाने सुमारे ६७ टक्के रुग्णांचं वजन परत वाढलेलं होतं. रुग्ण तेच, आकडे वेगळे! मधुमेह व उच्च रक्तदाब बळावणं आणि जीवनमान खालावणं यांच्याशी एकंदरीत सर्वाधिक मेळ बसला तो तिसऱ्या पद्धतीचा.

त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीचं, सर्वांत कमी आणि आजचं अशी तिन्ही वजनं लिहून ठेवावीत. वजन वाढलं म्हणून संकोचाने तपासणी टाळू नये. साखर आणि रक्तदाब पाहण्याची खरी गरज तेव्हाच असते.