ऑस्ट्रेलियातील हद्दपारीची शिक्षा आणि भूमिहरण

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकास अंदमान आठवते. परंतु अंदमानात १८५८ साली कैद्यांची वसाहत स्थापन झाली, त्यापूर्वी सत्तर वर्षे इंग्लंडने हाच प्रयोग ऑस्ट्रेलियात आरंभिला होता. त्याचा इतिहास बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणांत सांगितला जातो : एक कैद्यांच्या हालअपेष्टांचे, दुसरे मूळ रहिवाशांच्या उच्छेदाचे. वस्तुतः ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे जमीन.

अमेरिकन वसाहती स्वतंत्र झाल्यामुळे गुन्हेगारांना पाठविण्याचे इंग्लंडचे जुने ठिकाण नाहीसे झाले. तेव्हा कूकने १७७० मध्ये राजाच्या नावे ताब्यात घेतल्याचे घोषित केलेला ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा निवडण्यात आला. पोर्टस्मथहून मे १७८७ मध्ये निघालेल्या ११ जहाजांतील लोकांनी २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनी येथे वसाहतीची स्थापना केली. तेथे उतरविलेल्या कैद्यांची संख्या सुमारे ७५० होती. ती भूमी गडिगल लोकांची होती. त्यांच्याशी तह झाला नाही, त्यांना मोबदलाही मिळाला नाही. पुढील वर्षीच देवीच्या साथीने या परिसरातील मूळ रहिवाशांचा भयंकर संहार झाला.

गव्हर्नर फिलिप यास मिळालेल्या १७८७ च्या सूचना या दृष्टीने बोलक्या आहेत. शिक्षामुक्त पुरुषास ३० एकर, तो विवाहित असल्यास आणखी २० एकर आणि प्रत्येक मुलामागे १० एकर जमीन द्यावी, असे त्यांत म्हटले होते. मूळ रहिवाशांशी सलोख्याने वागावे असेही त्यांत होते. त्यांच्या भूस्वामित्वाचा मात्र उल्लेख नव्हता. राज्यसत्तेला या औदार्याची किंमत पडत नव्हती. ती दुसऱ्याच कोणी भरावयाची होती. हॉक्सबरी नदीच्या काठी १७९४ पासून अशी शेते उभी राहिली. धारुग लोक ज्या काठावरील रानकंदांवर उपजीविका करीत, तेथे मका पिकू लागला. त्यांनी तो मका तोडून नेला, तेव्हा ती चोरी ठरली आणि १७९५ मध्ये त्यांच्यावर सैन्य धाडण्यात आले. इंग्लंडात चोरीसाठी हद्दपार झालेले कित्येकजण येथे मालक म्हणून फिर्यादी बनले.

पुढे मेंढपाळीचा व्याप वाढला. मोठ्या कुरणांचे मालक शहरात राहत, तर सीमेवर त्यांच्या चाकरीस दिलेले कैदी राहत. मायल क्रीक येथे १० जून १८३८ रोजी किमान २८ मूळ रहिवाशांची हत्या झाली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध होते. खटला चाललेले अकराही जण कैदी किंवा माजी कैदी होते. त्यांपैकी सात फाशी गेले. त्यांचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग हा मात्र स्वतंत्र जमीनधारक कुटुंबातील होता, आणि तो कधीच सापडला नाही. शिक्षेची उतरंड येथेही अबाधित राहिली.

या व्यवहारामागील कायदेशीर भूमिका १८३५ मध्ये उघड झाली. जॉन बॅटमन याने मेलबर्न परिसरात कुलिन लोकांशी जमिनीचा करार केला. गव्हर्नर बर्क याने तो रद्दबातल ठरविला. कारण भूमी आधीच राजाची असल्याने मूळ रहिवाशांना ती विकण्याचा अधिकारच मानला जात नव्हता.

हद्दपारी १८६८ मध्ये थांबली. तोवर सुमारे १,६२,००० कैदी तेथे नेण्यात आले होते. भूमी स्वामीविहीन होती हे गृहीतक मात्र त्यानंतर सव्वाशे वर्षे टिकले. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ते १९९२ मध्ये माबो खटल्यात अमान्य केले. तथापि जेथे सरकारने पूर्ण मालकीहक्काने जमीन दिली होती, तेथे मूळ रहिवाशांचा हक्क लुप्त झाल्याचेही त्याच निर्णयाने मान्य केले. म्हणजे शिक्षामुक्त कैद्यास मिळालेल्या त्या ३० एकरांच्या दानपत्राचा कायदेशीर परिणाम, ज्या तत्त्वावर ते दिले गेले ते तत्त्व कोसळल्यावरही, कायम राहिला.