घोड्याला चार भिंती हव्यात काय?

इंदूर शहरात पागनीस पागा नावाची वस्ती आहे. तेथे आता घोडे नाहीत. नाव तेवढे उरले आहे. परंतु होळकरांच्या या नगरीचा उत्कर्ष घोडदळाच्या बळावर झाला, याची आठवण ते नाव करून देते. मल्हारराव होळकरांच्या (१६९३–१७६६) काळी मोहिमेवर निघालेल्या मराठी फौजेला पक्के तबेले कोठून मिळणार? अगाडी-पिछाडी लावून घोडे उघड्या मैदानात बांधीत. पाठीवर झूल आणि तोंडाला तोबरा एवढीच त्यांची मिजास. पावसाळा आला म्हणजे मात्र फौज छावणीला जाई आणि जनावरांना आडोसा मिळे.

आज टांगे जवळजवळ दिसेनासे झाले आहेत. वरातीची घोडी मात्र अजून आहे, आणि शहराबाहेर हौसेने घोडा पाळणारेही आहेत. घोडा घरी आणला की मालक प्रथम चार भिंतींची खोली शोधतो. जनावर सुरक्षित राहावे हा त्याचा हेतू चांगलाच असतो. पण परिणाम बहुधा उलटा होतो.

याचे कारण घोड्याच्या शरीररचनेत आहे. घोडा केवळ नाकाने श्वास घेतो. तोंडाने त्याला घेता येत नाही. बंद खोलीत मूत्र मुरले की त्यापासून अमोनिया वायू निर्माण होतो. ओल्या जमिनीलगत तो अधिक असतो, आणि चारा खाताना घोड्याचे नाक नेमके तेथेच असते. त्यात भुशाची धूळ आणि बुरशी मिसळली की खोकला जडतो, दम लागतो. ज्या घरची चूल एका घोडीच्या कमाईवर पेटते, त्या घरी ऐन लग्नसराईत घोडी खोकू लागली तर काय ओढवते, हे सांगावयास नको.

थंडीची भीती मात्र आपण उगाच बाळगतो. निरोगी आणि पोटभर चारा मिळालेला घोडा थंडी सहज सोसतो. वाळलेला चारा आतड्यात कुजत असताना ऊब निर्माण होते. म्हणून माळव्यातील पौषाच्या रात्री दार बंद करण्यापेक्षा दोन पेंढ्या गवत जास्त घालावे. घोड्याचे खरे शत्रू म्हणजे वैशाखाचे ऊन, अंगावर झोडपणारा पाऊस आणि पायाखालचा चिखल.

यावर सोपा उपाय म्हणजे तीन बाजूंनी बंद व एका बाजूने उघडी अशी पडवी. एका घोड्यास सुमारे १२ फूट लांब व १२ फूट रुंद जागा पुरते. माळव्यात पावसाचे वारे मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतात. म्हणून उघडी बाजू पूर्वेस ठेवावी. सकाळचे कोवळे ऊनही त्यामुळे आत येते. छपराखाली हवा खेळण्यास फट असावी. पत्रा घातल्यास त्यावर गवत शाकारावे, नाहीतर उन्हाळ्यात पडवीची भट्टी होईल. काळी माती पावसात चिकट होते व खूर सडतात. यासाठी जमीन वीतभर उंचावून मुरुमाने चोपावी आणि तिला उतार द्यावा. पुढे लाकडी आडव्या बांबूंचे आवार करावे. काटेरी तार लावू नये. एवढ्याशा जखमेतूनही घोड्यास धनुर्वात होतो, म्हणून त्याची लस टोचून घ्यावी. आवाराजवळ कण्हेर असेल तर ती मुळासकट काढावी. तिची थोडी पानेही घोड्याचा प्राण घेतात.

ज्यांना अंगण नाही त्यांनी काय करावे? आहे त्याच खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत, छपराखाली मोठे झरोके पाडावेत. दार अर्धे ठेवावे, म्हणजे घोड्याला मान बाहेर काढता येईल. ओली गादी रोज काढावी आणि जनावराला दररोज मोकळे चालवावे. घोडा मुळात कळपातला प्राणी आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेजारी बांधलेली शेळीही त्याला सोबत करते.

फौजेचे दिवस गेले, पण घोड्याचे शरीर तेच राहिले आहे. पडवीला तबेल्याहून खर्च कमी येतो. ती बांधण्यापूर्वी एका पावसात अंगणात पाणी कोठे साचते, एवढे मात्र मालकाने स्वतः उभे राहून पाहावे.