खसखशीच्या तीन दाण्यांत महाराष्ट्र

सकाळी ब्रश करण्याआधी दातांवरून जीभ फिरवा. तो बुळबुळीत थर लागतो ना? त्यातलं एक मिलिग्रॅम घेऊ, म्हणजे खसखशीचे जेमतेम तीन दाणे. आत जिवाणू किती? सुमारे दहा कोटी! २०११च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र भरला सव्वाअकरा कोटी.

थांबा, ही तर सुरुवात आहे. आता एक ग्रॅम घेऊ. झाले दहा हजार कोटी. एकेक जिवाणू साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. लावा रांगेत, एकाला एक चिकटून. रांग शंभर किलोमीटर! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साडेचौऱ्याण्णवचा. कळंबोलीला सुरू झालेली रांग किवळे ओलांडून साडेपाच किलोमीटर पुढे. टोल कोण भरणार, ते विचारू नका.

डेल्फ्टच्या लेवनहुकने १६८३ साली हाच थर भिंगाखाली धरला आणि हिशेब केला, की साऱ्या नेदरलँड्समध्ये माणसं नसतील एवढे जीव माझ्या एका तोंडात आहेत. पुढे त्याने व्हिनेगरने चुळा भरल्या. मेले ते फक्त वरवरचे. आतले मजेत! अँटिबायोटिक यायला अजून अडीचशे वर्षं होती, पण त्या औषधांचं दुखणं इथेच दिसलं होतं.

कारण हे जिवाणू सुटे राहत नाहीत. स्वतःच गाळलेल्या चिकट रसात थर करून राहतात, हीच बायोफिल्म. कॅथेटरवर, कृत्रिम सांध्यावर, फुफ्फुसात. सुट्या जिवाणूला जी मात्रा पुरते, ती इथे कधी कधी हजारपट लागते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरायची, तिथे हजार गोळ्या. एका वेळेला अर्धा किलो औषध! गोळी दहा रुपयांची धरली, तर एका डोसचे दहा हजार. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. (जेवायला पोटात जागा उरली तर.)

त्यात काही झोपलेले असतात. डब्लिनच्या जोसेफ बिगरने १९४४मध्ये जिवाणूंना पेनिसिलिन देऊन पाहिलं, तर दहा लाखांत एखादा तगून राहिला. थरात हेच प्रमाण शंभरात एकापर्यंत चढतं. आपल्या एका ग्रॅममध्ये मग असे शंभर कोटी!

आणि आता खरी गंमत. श्वसन करताना एकटा ई. कोलाय जिवाणू दर सेकंदाला हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही हजार रेणू तयार करतो. स्वतःच्याच पोटात, स्वतःच्या डीएनएला जाळणारं विष! पण त्याची विकरं इतकी चपळ, की कुठल्याही क्षणी आत उरतात वीसपंचवीस रेणू. विहिरीत सेकंदाला हजारो घागरी ओताव्यात आणि पाणी वीसच घागरी दिसावं, असा उपसा. थरात मात्र हा उपसा मंदावू शकतो. विष साठतं, डीएनए पोळतो, नक्कल करताना चुका होतात. स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूच्या बायोफिल्ममध्ये उत्परिवर्तनाचं प्रमाण शंभरपटीपर्यंत वाढलेलं मोजलं गेलं आहे.

शंभरपट! करा गुणाकार. रिफॅम्पिसिनसारख्या औषधाला दाद न देणारी चूक ढोबळमानाने दहा कोटींत एकदा घडते, असं धरू. एका ग्रॅमभर जिवाणूंत, दहा हजार कोटींत, झाले हजार बंडखोर. एक गच्च भरलेलं नाट्यगृह. चुका शंभरपट झाल्या, की एक लाख. वानखेडेवर बसतात तेहेतीस हजार. म्हणजे तीन वानखेडे, खचाखच, आणि एकेका प्रेक्षकाला औषध पचलेलं!

वर डॉक्टरांनी तेच औषध दिलं, तर बाकीचे मरणार, जागा मोकळी होणार, खाणं मुबलक. मग अर्ध्या-पाऊण तासात सहा वानखेडे.