पाठवायचं की इथेच ठेवायचं

एप्रिल २०२०, लेव्हल चारचा लॉकडाऊन. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या उत्तर भागात, 'ते रापा' उपनगरातलं रेस्ट होम, म्हणजे वृद्धाश्रम.

पावणेसात. रात्रपाळीची नर्स लांबूनच हॅन्डओव्हर देते. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी रात्रभर असंबद्ध बोलत होत्या, लघवीला जळजळ, ताप ३७.९. फेब्रुवारीत असतं तर दुपारपर्यंत त्या वायकाटो हॉस्पिटलात असत्या. आता जायचं तर एकटीनं, आणि परत आल्यावर १४ दिवस खोलीत बंद. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला याचं कारण कसं समजावणार?

आठ. गाऊन, मास्क चढवून आत जाते. आजी दोन घोट पितात, तोंड फिरवतात. पाच मिनिटांनी पुन्हा दोन घोट. पाणी असं पोटात जात राहिलं तर सलाईनची वेळ येत नाही.

साडेनऊ. डॉक्टर व्हिडिओवर. अँटिबायोटिक इथेच सुरू, कोरोना तपासायला नाकातला स्वॅबही घ्यायचा. फोनवर लेक रडते, पण म्हणते, "इथेच ठेवा."

सव्वाअकरा. एक आजोबा बाथरूममध्ये पडले. पाय आखूड झालाय, बाहेर वळलाय. खुबा मोडला. अशा वेळी विचार करत बसायचं नसतं, रुग्णवाहिकेसाठी सरळ १११ ला फोन. चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत घालून वर ठळक नाव लिहिते. सोबत घरचं कुणी नाही, ऐकूही आलं नाही तर ते पार घाबरतील. कोरोनाच्या भीतीनं असं माणूस अडवणं म्हणजे गुन्हाच.

एक. जेवताना ख्राइस्टचर्चच्या रोजवूड रेस्ट होमची चर्चा. तिथले कर्मचारी विलगीकरणात गेले, म्हणून वीसेक रहिवाशांना बरवुड हॉस्पिटलात हलवावं लागलं. पुढे पहिल्या लाटेत देशात दगावलेल्या २२ जणांपैकी १२ त्या एका घरचे निघाले. इंग्लंडमध्ये उलटं झालं: खाटा मोकळ्या करायला हॉस्पिटलांतून वृद्धांना तपासणीविनाच केअर होममध्ये धाडलं.

अडीच. नोंदी. आजींना का पाठवलं नाही, तेही सविस्तर लिहिते. पुढे त्या हिवाळ्यात न्यूझीलंडमध्ये फ्लू जवळपास आलाच नाही. जे आजारीच पडले नाहीत ते हॉस्पिटलात गेले नाहीत, हे चांगलंच. पण जे भीतीपोटी थांबले, तेही कागदावर तसेच दिसतात. कारण लिहिलं नाही तर दोघांतला फरक कुणाला कळणार?

तीन. दुपारपाळीला सांगते: आजींचा ताप दर दोन तासांनी बघा. ३८.५ च्या वर गेला किंवा पाणी नाकारलं तर डॉक्टरांना फोन. बीपी उतरलं तर थेट १११, कुणाची वाट बघू नका. आजोबांच्या ऑपरेशनची वेळ वॉर्डातून विचारून त्यांच्या मुलाला कळवा.